कढीपत्त्याची दोन गिऱ्हाइकं

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र स्वतःच्या अनुभवाचा आहे आणि तो एका गुन्ह्यापासून सुरू होतो.

मागच्या वर्षी जुलैत मी नर्सरीतून कढीपत्त्याचं हातभर रोप आणलं आणि होस्टेलच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं. डब्याच्या तळाला भोकं वर्कशॉपच्या काकांनी पाडून दिली. मेसच्या मावशी अधूनमधून दोन काड्या तोडून न्यायच्या. त्या दिवशी पोह्यांना खरंच चव यायची!

सप्टेंबरात पानांवर पक्ष्यांची शीट दिसायला लागली. थोडी मी ओल्या फडक्याने पुसली, बाकी तशीच राहिली. आठेक दिवसांनी बघते तर जाडजूड हिरव्या अळ्या आणि अर्धं रोप फस्त. सबमिशनचा आठवडा होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. खोलीत झुरळांचा स्प्रे होता, तोच भसाभस मारला. सकाळी डब्याभोवती सात अळ्या मरून पडलेल्या. मावशी आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, विष मारलंस होय! आता हा पाला फोडणीला कसा घालू?" म्हणजे अळ्याही गेल्या आणि कढीपत्ताही.

पीएलमध्ये अभ्यास सोडून सगळं सुचतं, तसं लायब्ररीत आयझॅक किहीमकरांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक हातात आलं. त्यात माझ्या सात अळ्या सापडल्या. त्या कॉमन मॉरमॉन या काळ्या, देखण्या फुलपाखराच्या होत्या. आणि मी फडक्याने पुसलेली 'शीट' म्हणजे त्यांचंच बालपण! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी ही अळी हुबेहूब शिटेसारखी दिसते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. इतकं सगळं डिझाइन पक्ष्यांसाठी होतं. स्प्रेवर तिच्याकडे उपाय नव्हता.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. फुलपाखरांसाठी बाग म्हणजे नुसती फुलझाडं नव्हेत. फुलं म्हणजे त्यांचं हॉटेल. येतात, मध पितात, जातात. पण अंडी घालायला मादीला ठराविक झाडाचं पानच लागतं. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी चव घेते आणि खात्री पटली तरच अंडं घालते. अळीही सहसा तेवढीच पानं खाते. ते झाड नसेल तर तिथे पुढची पिढी नाही.

कुठल्या झाडावर कोण येतं, याची ही छोटी यादी :

१. कढीपत्ता, लिंबू : कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉनही अंडी घालतं. २०१५ पासून हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

२. रुई : प्लेन टायगर. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, त्यामुळे पक्षी पुढे फुलपाखरालाही टाळतात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

३. पानफुटी : रेड पिएरो. हिची अळी पानाच्या आतच राहून गर खाते. कुंडीत सहज वाढते.

४. टाकळा : पिवळी ग्रास यलो. हे पावसाळी तण ग्राउंडच्या कडेला आपोआप उगवतं. फक्त उपटायचं नाही, एवढंच काम!

हॉटेलसाठी एक्झोरा, पेंटास, झेंडू लावा. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात, पण ती मूळची अमेरिकेतली आणि आपल्या रानात बेसुमार पसरलेली आहे, म्हणून मुद्दाम लावू नका. कुंडीला तळाशी भोक हवंच. माती आणि शेणखत मिसळून भरा, ऊन चार-पाच तास मिळू दे. पाणी माती वरून कोरडी झाल्यावरच घाला. सगळ्यात महत्त्वाचं, कुठलाही स्प्रे नको.

यंदा मी दोन डबे ठेवलेत. एक मावशींचा, एक अळ्यांचा. मावशींच्या डब्यावर अळी दिसली की पानासकट उचलून दुसऱ्या डब्यावर ठेवते. खाल्लेलं रोप मरत नाही, महिनाभरात नवी पालवी फुटते. ऑगस्टमध्ये चार कोश झाले. एकातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या. त्यांनी कोशातच अंडी घातली होती. वाईट वाटलं, पण तेही बागेचंच गणित आहे. बाकीच्या तिघांपैकी एक बारा दिवसांनी, नेमका ओरलच्या दिवशी सकाळी उलगडला. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू ताणत ते फुलपाखरू तासभर लटकून होतं. मी नाश्ता सोडून बघत बसले. मावशी स्वतः पोह्यांची प्लेट घेऊन वर आल्या आणि त्याही थांबल्या. ते उडाल्यावर म्हणाल्या, "खाऊ दे गं त्यांना. मला काय, दोन पानं पुरतात."

रेक्टर मॅडम आणि माळीकाकांना एकच विनंती : होस्टेलमागच्या लिंबावर पानं कुरतडलेली दिसली तर पंप काढण्याआधी जरा वाकून बघा. पानावरची शीट हलतेय का, ते.