बँकेचें दार किती कोसांवर?

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे व तिचा त्यांना अभिमानहि वाटतो. परंतु याच जिल्ह्यांतील पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत, पाड्यावरच्या मजुरास आपल्याच खात्यांतील नोट हातीं येण्यास किती पायपीट पडते, हें थोड्यांनाच माहीत असतें. म्हणून व्याजाचा धडा शिकवितांना आम्ही प्रथम एक निराळें उदाहरण फळ्यावर मांडतों.

एका मजूर बाईस खात्यांतून ५०० रुपये काढावयाचे आहेत. शाखा तालुक्याच्या गांवीं. जाण्यायेण्याचें भाडें ८० रुपये, व बुडालेली मजुरी ३०० रुपये. (आंकडे धड्यापुरते घेतले आहेत.) हातीं काय उरलें? मुलें तत्काळ १२० सांगतात. आणि पहिल्या खेपेस बँकेंतील यंत्र बंद असल्यामुळें तिला रिकाम्या हातीं परतावें लागलें असेल, तर? उत्तर उणें २६० येतें, तेव्हां वर्ग स्तब्ध होतो.

मग अशा घरांतील पैसा मडक्यांत राहतो आणि अडचणींत सावकार आठवतो. सावकारी पाशाला विटून १८७५ सालीं सुपें येथील शेतकऱ्यांनीं कर्जरोखे जाळले, हें इतिहासांत आलेंच आहे. पुढें १८८२ त टपाल कचेरींत बचत बँक निघाली, १९०४ त सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, १९६९ त चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण होऊन शाखा खेड्यांकडे वळल्या, आणि २०१४ त जनधन योजनेनें शिल्लक नसतांहि खातें उघडून दिलें. पण खातें उघडल्यानें रस्ता कांहीं आंखूड होत नाहीं.

“मग बँकेनेंच कां येऊं नये?” असें एका मुलानें विचारलें. प्रश्न रास्त आहे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेनें गांवोगांवीं प्रतिनिधि नेमण्यास मुभा दिली. यांसच आपण बँकमित्र म्हणतों. पालकांनीं एवढें करावें कीं, यंत्रावर अंगठा ठेवल्यावर छापील पावती मागावी व ती मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावी.

सातारा जिल्ह्यांतील म्हसवडचें उदाहरणहि आम्ही सांगतों. लोहारकाम करणाऱ्या एका बाईस बचतीचें खातें कोणी उघडून देईना, तेव्हां चेतना गाला सिन्हा यांनीं स्त्रियांचीच बँक काढण्याचें ठरविलें. सभासद बाया निरक्षर म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. बाया लिहावाचावयास शिकूं लागल्या, पुनः अधिकाऱ्यांपुढें गेल्या, व कोणत्याहि रकमेचें व्याज आम्ही तोंडी सांगतों, असें त्यांनीं बजावलें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. शाखेंत यावयाचें तर दिवसाची मजुरी जाते, हें तेथील बायांचेंहि गाऱ्हाणें होतें. तेव्हां बँकेचीं माणसें त्यांच्या दारापर्यंत जाऊं लागलीं.