बेकार भत्ता : मागणीची पोच आणि दाव्याची वाट

काम मागणाऱ्यास काम देणे आणि ते देता न आल्यास भत्ता देणे, ही दोन्ही बंधने महाराष्ट्राने स्वतःवर एकाच कायद्याने घालून घेतली. १९७२ पासून योजना म्हणून चाललेल्या रोजगार हमीला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकार भत्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती. रक्कम अल्प खरी. परंतु तिच्यामुळे काम ही मेहेरबानी न राहता हक्क ठरला. प्रत्यक्षात मात्र हा भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. याचे कारण रकमेत नव्हे, कागदात शोधावे लागते.

केंद्राचा २००५ चा अधिनियम फेब्रुवारी २००६ मध्ये ज्या जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत नांदेड होता. लातूरसह उर्वरित जिल्हे २००८ पर्यंत त्याखाली आले. आर्थिक वर्षातील पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व त्यापुढे किमान निम्मा भत्ता, असे त्याने ठरविले. मजुरी ३०० रुपये धरल्यास अनुक्रमे ७५ आणि १५० रुपये दररोज. पंधरा दिवसांची मोजणी अर्ज मिळाल्याच्या किंवा ज्या दिवसापासून काम मागितले त्या दिवसापासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तीपासून होई. म्हणून तारखेची पोच हाच दाव्याचा पाया होता. ग्रामरोजगार सेवकाला तोंडी सांगितलेल्या मागणीला कायद्याच्या दृष्टीने तारीखच नसते. कित्येक ठिकाणी काम मंजूर झाल्यावरच मागणीची नोंद घेतली गेली. अशा नोंदीत कोणीही पंधरा दिवस थांबलेला दिसत नाही, आणि भत्ता कोणालाच लागू होत नाही! पोच देण्यातील ही टाळाटाळ बहुधा दुष्टाव्यातून नव्हे, तर पुढे येणाऱ्या जबाबदारीच्या धास्तीतून होते. मजुराला फरक पडत नाही.

कंधार, मुखेड, जळकोट या बालाघाटच्या पट्ट्यातील कुटुंबांना ही अडचण अधिक जाचते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ती ऊसतोडीला निघतात. समजा, २० ऑक्टोबरला अर्ज देऊन १ नोव्हेंबरपासून काम मागितले, तर मुदत १ नोव्हेंबरपासून धरली जाई. तोवर टोळी गाव सोडून गेलेली असे. आणि मागणीचा काळ संपेपर्यंत कुटुंबातील कोणीच कामावर आले नाही, तर शासनाचे दायित्व संपे. त्यामुळे अशा गावात आगाऊ अर्ज सप्टेंबरमध्येच घेणे श्रेयस्कर. गावातील शिक्षकाने अर्जावर काम हवे असल्याची तारीख स्पष्ट लिहून दिली, तरी अर्धे काम होते.

भत्ता देय झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावयाचा होता. तो न मिळाल्यास पहिली तक्रार कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात तहसीलदाराकडे, करावयाची. ती नोंदवहीत घेऊन सात दिवसांत निकाली काढणे त्याच्यावर बंधनकारक होते. विषय अन्य अधिकाऱ्याच्या कक्षेतील असल्यास त्याच्याकडे पाठवून तक्रारदारास तसे कळवावे लागे. त्यापुढची पायरी जिल्हा कार्यक्रम समन्वयक या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांची. २००९ नंतर जिल्ह्यासाठी लोकपाल नेमण्याची सोयही झाली. प्रत्येक पायरीवर पोचेची प्रत मागितली जाई. ती नसल्यास ग्रामसभेतील सामाजिक लेखापरीक्षणात मागणी वाचून दाखविणे व तिची इतिवृत्तात नोंद करून घेणे, हा एक मार्ग उरे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या अधिनियमाऐवजी नवा कायदा संमत केला. त्यात कामाची हमी १०० दिवसांवरून १२५ दिवस करण्यात आली असून, पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद कायम ठेवण्यात आली आहे.