विमानाचा नकाशा उलटा का वाटतो?

प्रश्न : मी डोंबिवली एमआयडीसीत फिटर होतो. आता पुतण्याबरोबर संच आणून छोटे विमान बांधायचा विचार आहे. पण अमेरिकी नकाशे वाचताना माझे डावे-उजवे चुकते. ते सोपे करता येतील का? – एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : काका, चूक तुमच्या नजरेची नाही. आपल्याकडे आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवतात ते फर्स्ट अँगलने. त्यात वस्तूचे वरून दिसणारे रूप समोरच्या रूपाच्या खाली काढतात आणि उजवी बाजू डावीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. तिथे वरचे रूप वर, उजवी बाजू उजवीकडे. सवयीने वाचले की ब्रॅकेट आरशातल्यासारखे उलटे वाकते आणि उजव्या पंखाचा तुकडा डाव्याचा होऊन बसतो. नकाशाच्या कोपऱ्यात शंकू आणि दोन वर्तुळांची खूण शोधा. शंकूचे निमुळते टोक वर्तुळांकडे असेल तर तो थर्ड अँगल. प्रत्येक पानावर ते लाल पेन्सिलीने लिहून ठेवा.

दुसरी अडचण मापांची. तिथला नेहमीचा रिव्हेट १/८ इंचाचा, म्हणजे आपल्या भाषेत एक सूत. त्याचे भोक मात्र ३० नंबरच्या ड्रिलने, ३.२६ मिमीचे पाडतात. ३ मिमीच्या भोकात तो रिव्हेट शिरणारच नाही. म्हणून मापे मिलिमीटरमध्ये बदलत बसू नका, इंची ड्रिल आणि इंची पट्टीच घ्या.

सोपा नकाशा म्हणजे काय, हे अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या व्हॅरिईझ विमानाचे नकाशे म्हणजे प्रकरणवार पुस्तकच होते. आधी काय करायचे, मग काय, हे चित्रांसह ओळीने सांगितलेले. बांधणाऱ्याच्या हाताचा क्रम त्यांनी ओळखला, ही मला त्यांची फार मोठी कामगिरी वाटते. कारखान्याच्या नकाशात भाग कसा आहे एवढेच असते. तो कधी बसवायचा हे तिथल्या फोरमनला माहीत असते. घरी फोरमन नसतो.

तेव्हा मूळ नकाशाला हात न लावता शेजारी मराठीत कामाचा कागद करा. एका पानावर एकच काम, त्याला लागणारे बोल्ट-रिव्हेट, आणि तिरकस कोनातून काढलेले एक चित्र. डाव्या-उजव्या भागांची पाने वेगळी ठेवा. मग तो कागद पुतण्याच्या हाती द्या आणि गप्प बसा. तो जिथे अडेल तिथे कागद सुधारा, पत्र्याआधी भाग पुठ्ठ्यातून कापून पाहा. शंका उरली तर संच बनवणाऱ्यालाच विचारा; अंदाजाने भोक पाडू नका.

घरी विमान बांधणे आपल्याकडेही झाले आहे. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर स्वतः आखून विमान बांधले आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी केली. तुम्हीही संचाचे पैसे भरण्याआधी डीजीसीएचे आजचे नियम विचारून घ्या.