नाव बदलते, ओळख बदलत नाही

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. घरातली कोणतीही नोट हातात घेऊन पाहा. तिच्यावर एक क्रमांक छापलेला दिसेल. आता पाकिटात शंभराच्या तीन नोटा आहेत असे समजा. वरची पहिली, मधली दुसरी, खालची तिसरी. पाकीट उलटे करून मोजायला लागलात, की पहिली नोट तिसरी होते. तिचा अनुक्रम बदलला, पण तिच्यावर छापलेला क्रमांक होता तोच राहिला. अनुक्रम मोजणाऱ्यावर अवलंबून असतो. क्रमांक मात्र नोटेच्या अंगावरच असतो. हा साधा भेद लक्षात घेतला नाही, तर संगणकात केवढा घोटाळा होतो, ते आज पाहू.

ए, बी, सी कोण ठरवते?

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. तिच्या धर्तीवर लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतली. आज जगातील असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. या प्रणालींत संगणकाला जोडलेले बहुतेक प्रत्येक साधन एखाद्या फाइलसारखे दिसते आणि त्याला एक नाव असते. पहिली डिस्क ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’, तिसरी ‘एसडीसी’.

पूर्वी जुन्या रुंद केबलच्या डिस्कना ‘एचडीए’, ‘एचडीबी’ अशी नावे असत आणि केबलवरच्या जागेवरून ती ठरत. २००७ च्या सुमारास या डिस्कही ‘एसडी’ कुटुंबात आल्या. या कुटुंबात नाव ठरते ते सापडण्याच्या क्रमाने. संगणक सुरू होताना जी डिस्क प्रथम सापडेल ती ए, नंतरची बी.

हा क्रम दर वेळी सारखाच येईल का? नाही. एखादी डिस्क गती घ्यायला उशीर लावते. कोणी पेनड्राइव्ह लावून विसरलेला असतो. शिवाय वेळ वाचावा म्हणून अलीकडची लिनक्स अनेक डिस्कचा शोध एकाच वेळी घेते. म्हणून कालची बी आज सी होऊ शकते. यात प्रणालीची चूक नाही. क्रम कायम राहील असे तिने कधी सांगितलेलेच नसते.

घोटाळा कसा होतो?

नाशिकमधील एका शाळेत सर्व्हर आहे अशी कल्पना करा. एसडीए वर प्रणाली, एसडीबी वर विद्यार्थ्यांचे गुण आणि एसडीसी वर त्या गुणांची राखीव प्रत. रोज रात्री बी वरचे सारे जसेच्या तसे सी वर उतरवले जाते. कोणती डिस्क कोठे जोडायची, हे ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते; तेथे नुसते एसडीबी आणि एसडीसी असे लिहून ठेवले आहे.

एके दिवशी सकाळपासून दहावीचे गुण भरण्याचे काम चालले. दुपारी चार वाजता वीज गेली. वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण बी आणि सी यांची अदलाबदल झाली. दोन्ही डिस्कवरची मांडणी सारखीच, म्हणून कोठेही इशारा आला नाही. मात्र पडद्यावर दिसत होती ती आदल्या रात्रीची प्रत! सकाळची नोंद तिच्यात नव्हती. ती दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होती. पण कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच रात्र झाली, नेहमीची प्रत काढली गेली आणि जुने गुण नव्या गुणांवर लिहिले गेले. सकाळची सारी मेहनत दोन्ही डिस्कवरून पुसली गेली.

उपाय

डिस्कला तिच्या अंगावरच्या खुणेने हाक मारायची, हाच उपाय. लिनक्समध्ये ही हाक तीन प्रकारे मारता येते.

पहिला प्रकार जागेचा: डिस्क कोणत्या खाचेत बसवली आहे, त्यावरून. डिस्क दुसऱ्या खाचेत गेली, की हे नाव बदलते. दुसरा प्रकार यंत्राचा: कारखान्याने दिलेला अनुक्रमांक. तो डिस्कवरच्या चिठ्ठीवरही छापलेला असतो. आठ डिस्कपैकी बिघडलेली नेमकी एक बाहेर काढायची असेल, तेव्हा हाच क्रमांक जुळवून पाहावा. तिसरा प्रकार ‘यूयूआयडी’: डिस्क फॉरमॅट करताना तिच्यावर लिहिली जाणारी १२८ बिटांची संख्या. ती ३२ अंकाक्षरांत लिहितात. शक्यता इतक्या अफाट असतात, की दोन संख्या योगायोगाने सारख्या निघण्याची भीती नसते.

एफएसटॅबमध्ये एसडीबी ऐवजी यूयूआयडी लिहिला, की डिस्क कोणत्याही क्रमाने सापडो, गुणांच्या जागी गुणांचीच डिस्क येते.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खोट्या नोटेवर खऱ्या नोटेचाच क्रमांक छापला तर ओळख पटेनाशी होते. तसेच एका डिस्कची बिटन्‌बिट नक्कल केली, तर यूयूआयडीचीही नक्कल होते. अशा दोन डिस्क एकाच संगणकाला एकत्र लावू नयेत. दुसरी गोष्ट, राखीव डिस्क जोडलीच गेली नसेल, तर प्रत मुख्य डिस्कवरच्या रिकाम्या जागेत जाऊन पडते आणि आपल्याला मात्र काम झाले असे वाटते. म्हणून प्रत काढण्यापूर्वी ‘ती डिस्क खरोखर आहे का?’ हे आज्ञावलीने तपासले पाहिजे.

करून पाहा

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर शिक्षकांसमवेत हा प्रयोग करा. दोन पेनड्राइव्ह घ्या आणि त्यांना लाल व निळा कागद चिकटवा. आधी लाल लावा, मग निळा. आता ‘एलएसबीएलके’ ही पाच अक्षरे रोमन लिपीत लहान अक्षरांत टंका. नंतर एक जागा सोडून आडवी रेघ आणि लगेच ‘एफ’. ही आज्ञा फक्त वाचते, काही पुसत नाही. दोन्हींची नावे आणि यूयूआयडी वहीत लिहा. (पेनड्राइव्हचा यूयूआयडी बहुधा आखूड, आठच अंकाक्षरांचा असतो.) मग दोन्ही रीतसर काढून या वेळी आधी निळा लावा आणि पुन्हा आज्ञा द्या.

काय बदलले आणि काय बदलले नाही? आता विचार करा: तुमचा हजेरीतला क्रमांक दरवर्षी बदलतो, पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधला क्रमांक दाखल्यापर्यंत तोच राहतो. शाळा ही दोन वेगळी पुस्तके का ठेवते?