आचार्यमुष्टी आणि मुक्त संगणक

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावासात तथागत गंभीर आजारी पडले व त्यातून सावरले. भिक्खुसंघाला अखेरचे काही सांगितल्याशिवाय भगवान जाणार नाहीत, अशी आशा आनंदाने बोलून दाखविली. त्यावर तथागतांनी सांगितले की, धम्म शिकविताना आपण आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असा भेद केलेला नाही. शिष्यापासून काही मुठीत झाकून ठेवणाऱ्या आचार्याची रीत आपली नाही. या झाकलेल्या मुठीला पाली भाषेत ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द आहे.

ज्या समाजापुढे ही मूठ शतकानुशतके उघडलीच गेली नाही, त्या समाजाच्या मुलांनी संगणकाकडे कसे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. तरीही हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटतो.

निमित्त साधे घडले. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सुट्टीत येऊन, भंगारात निघालेल्या दोन संगणकांवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून दिली. वसतिगृहातील मुलांनी त्यावर सर्वप्रथम काय घेतले असेल, तर ‘सुपरटक्सकार्ट’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ! मी रागावलो. दोन दिवसांनी पाहतो तर आठवीतील एका मुलाने त्या खेळाची एक फाईल उघडून, गाडीच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव घातले होते. खेळात ते नाव झळकले तेव्हा खोलीत जो जल्लोष झाला, त्याने माझा राग ओसरला. ज्या वस्तूच्या आत हात घालता येतो, तिच्याविषयीची भीती जाते, हे मला त्या दिवशी दिसले.

मुक्तस्रोत म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकाला दिलेल्या आज्ञांचा मूळ मजकूर म्हणजे स्रोत. बहुतेक कंपन्या तो गुप्त ठेवतात. आपल्याला तयार पदार्थ मिळतो, कृती मिळत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली ती या गुप्ततेविरुद्ध. प्रत्येकाला आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार असावा, ही त्यांची भूमिका होती. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला, तोच लिनक्स. आज जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे.

धम्माचे वर्णन करताना आपण रोज वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि स्वतः पाहा. आज्ञावलीला धम्माची बरोबरी देण्याचा माझा हेतू नाही. पण तपासून घेण्याचे हे निमंत्रण ज्यांनी लहानपणापासून ऐकले, त्यांना मुक्तस्रोताचे तत्त्व परके वाटू नये.

खेळांकडे आपण शिक्षक फार तुच्छतेने पाहतो. ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीने २०२२ साली ‘स्टीम डेक’ हा हातात मावणारा खेळांचा संगणक बाजारात आणला. त्याची कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली आहे, आणि विंडोजसाठी लिहिलेले बरेच खेळ ‘प्रोटॉन’ या मुक्तस्रोत दुभाष्याच्या साहाय्याने त्यावर चालतात. कंपनीने त्याच्या बाह्य कवचाचे आराखडेही खुले केले. किंमत आपल्या आवाक्यातील नाही, आणि कोणी तो विकत घ्यावा असे मी म्हणत नाही. पण मुलगा खेळात रमला आहे की खेळ कसा चालतो याच्या शोधात रमला आहे, एवढे पालकांनी जवळ बसून पाहावे. पहिल्याला वेळेचे बंधन घालावे. दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर आणून द्यावा.

आता मला अधिक जिव्हाळ्याचा विषय: टिपणे.

बाबासाहेबांनी आयुष्यभर वाचले आणि लिहून ठेवले. १९१७ साली ते मायदेशी परतले तेव्हा मागून येणारे त्यांचे ग्रंथ आणि सामान ज्या जहाजावर होते, ते महायुद्धातील पाणतीराला बळी पडले. पुढे ६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिली. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली निघाला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील आठवणींचे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागलेला मुलगा त्या पानांत आहे. ती पाने पेटीत कुजली असती तर? आपण ही शक्यता फारशी बोलून दाखवीत नाही. पण कागद होता, शाई होती, अक्षर वाचता येत होते. म्हणून ती पाने उशिरा का होईना, आपल्यापर्यंत पोहोचली.

आपल्या फाईलींचे तसे होईल काय?

कोपरगावकरांना राघोबादादांचा वाडा ठाऊक आहे. १७८३ साली त्यांचा मृत्यू येथेच झाला. त्या काळचा मराठी कारभार मोडीत चाले, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आज फार थोड्यांना वाचता येतात. कागद शाबूत आहेत. वाचणारा डोळा गेला. मोडीचे असे व्हायला पिढ्या लागल्या. संगणकावर तेच वीस वर्षांत घडते, हा अनुभव आपण घेतला आहे. आपल्या विद्यालयाच्या मागील स्मरणिकेची फाईल या अंकासाठी उघडली, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक खिचडी उमटली. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चिकटवलेली असत. फाँट गेला की मराठीही गेली. दिवंगत शिक्षकांच्या आठवणी, पहिल्या तुकडीची मनोगते, सारे त्या खिचडीत अडकले होते.

युनिकोडने हा घोळ मिटविला. त्यात ‘क’ या अक्षराला ०९१५ हा जागतिक क्रमांक कायमचा मिळाला आहे. फाँट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेला ‘मुक्त’सारखा सुबक देवनागरी फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

माजी विद्यार्थी सध्या टिपणांच्या नवनव्या ॲपविषयी उत्साहाने बोलतात. त्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो: ते ॲप उद्या बंद पडले तर तुमची वही तुमच्या हाती राहील काय? ‘जॉप्लिन’ मुक्तस्रोत आहे आणि त्यातील टिपणे साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात. ‘ऑब्सिडियन’चा स्रोत खुला नाही; मात्र त्याच्या फाईली साध्या मजकुराच्या असून आपल्याच संगणकावर राहतात, म्हणून मला तोही चालतो. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला तर साधी मजकूर-फाईलही पुरते. तिची एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी असावी. पुढे नोकरीत बहुधा विंडोजच समोर येईल; तेही शिकावेच. साधने सजविण्यातच संध्याकाळ संपते आणि वाचन राहून जाते, हा दोष मात्र मी हुशार मुलांतही पाहिला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या सुमारे नव्वद हजार टिपणचिठ्ठ्यांचे कौतुक आज सर्वत्र होते. त्या सर्व कागदी होत्या आणि लाकडी खणांत ठेवलेल्या होत्या.

मागील स्मरणिकेची एक छापील प्रत ग्रंथालयात सापडली आहे. तिची पाने दोन माना वाकडी झालेली आहेत आणि शेवटचे पान गहाळ आहे. नववीचे विद्यार्थी त्याच दोन जुन्या संगणकांवर ती युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करीत आहेत. रविवारी दुपारी दोन तास. गाडीला स्वतःचे नाव देणारा मुलगा मुद्रितशोधन करतो. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी ती स्मरणिका असेल, त्यांनी शेवटच्या पानाचे छायाचित्र काढून विद्यालयाकडे पाठवावे.