संगणकाची यादी वाचनीय कशी व्हावी?

कडोदऱ्याच्या चौरस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-धुळे रस्ता एकमेकांस छेदतात. येथून कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या मालमोटारीबरोबर मालाची यादी असते. कोणते गठ्ठे चढवावयाचे व कोणते उतरवावयाचे हे एकाच ओळीत सलग लिहिले, तर यादी खरी असूनही हमालाच्या उपयोगी पडत नाही. संगणकातही अशीच एक यादी असते. तिचा विचार आपण येथे करू.

लिनक्स ह्या मुक्त प्रणालीत प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या, म्हणजे गाठोड्याच्या रूपाने येते. एका गाठोड्यास दुसऱ्याची गरज लागते, दुसऱ्यास तिसऱ्याची. हा हिशेब सांभाळणारी आज्ञावली म्हणजे पॅकेज व्यवस्थापक. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात हे काम ‘ॲप्ट’ करते. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. तेव्हा विषय आपणांस परका नाही. मोठा बदल करण्यापूर्वी ॲप्ट यादी दाखवते (अमुक येणार, अमुक जाणार) आणि पुढे जाऊ काय, असे विचारते.

यादी वाचूनच उत्तर द्यावे, ही अपेक्षा. पण वाचतो कोण? २०२१ च्या नोव्हेंबरात लायनस सेबॅस्टियन ह्या कॅनडातील प्रसिद्ध चित्रफीतकारांचा अनुभव जगाने पाहिला. ‘पॉप ओएस’ ह्या प्रणालीवर ते खेळांसाठी लागणारे ‘स्टीम’ बसवीत होते. पॅकेजांतील एका दोषामुळे त्याबरोबर पडद्यावरील सारी चित्रमय मांडणीच काढली जाणार होती. ॲप्टने तसा इशारा दिला. ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे संपूर्ण इंग्रजी वाक्य टंकावयास लावले. त्यांनी ते टंकले, आणि मांडणी नाहीशी झाली! लोक त्यांना हसले. आमच्या मते मात्र निम्मा दोष यादीचा होता. नावांच्या दाट जंगलात धोक्याची ओळ उभी केली, की ती झाडासारखीच दिसते.

पुढे २०२४ पासून ॲप्टच्या कर्त्यांनी ही मांडणी बदलली, व एप्रिल २०२५ मधील ३.० ह्या आवृत्तीबरोबर ती स्थिर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या डेबियनमध्ये ती पाहावयास मिळते. नावे आता सरळ स्तंभांत बसतात. शीर्षके आखूड झाली, विभागांत मोकळी जागा आली. येणारी पॅकेजे हिरवी, जाणारी तांबडी. शिवाय जाणाऱ्यांचा विभाग सर्वांच्या शेवटी, म्हणजे प्रश्नाच्या अगदी जवळ. रंगापेक्षा आम्हांस ही शेवटची योजना अधिक मोलाची वाटते. कारण तांबडा-हिरवा भेद न दिसणारे डोळे असतात, आणि तीच यादी फाइलीत साठविली, तर रंग उरतच नाही.

मराठी वाचकास तर जागेचे महत्त्व दुप्पट. इंग्रजी यादीत ‘काढणे’ हा शब्द मोठ्या लिपीत छापून त्यावर जोर देतात. देवनागरीस मोठी-लहान अक्षरे नाहीत! ॲप्टच्या संदेशांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. पण शब्द मराठीत आला की तो जोर वाटेतच गळतो. तेथे भाषांतरकाराने ‘काढून टाकली जाणारी पॅकेजे’ असे पूर्ण, निःसंदिग्ध शीर्षक स्वतंत्र ओळीवर द्यावे. नुसते ‘काढणे’ पुरेसे नाही. मराठीत पैसे काढतात, चित्र काढतात आणि घरातून माणूसही काढतात.