आमची मनी

मांजर हा पाळीव प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते. हे सर्वांना माहीत आहे, म्हणून ते जास्त लिहीत नाही. मी आमच्या मनीचे निरीक्षण केले, ते लिहिते.

मनी करड्या रंगाची असून अंगावर काळे पट्टे आहेत. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशा तिला एकूण १८ नख्या आहेत. मोजताना तिने मला दोनदा ओरबाडले. चालताना ती नख्या आत ओढून घेते, म्हणून आवाज येत नाही आणि उंदराला कळत नाही. तिच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, असे गुरुजींनी सांगितले. त्यामुळे थोड्या उजेडातही तिला दिसते आणि डोळे चमकतात. पण अगदी मिट्ट काळोखात तिलाही दिसत नाही बरं का!

आमच्या घरात मनीचंच चालतं. चुलीजवळ आजीचा पाट होता. आता तिथे मनी बसते आणि आजी पाट सरकवून घेते. आई दूध शिंक्यावर ठेवते. रात्री दार लावले की मनी ओरडून सगळ्यांना उठवायची. बाबा म्हणाले, "मांजरासाठी काय दार कापायचं का?" तिसऱ्या रात्रीनंतर त्यांनी दाराचा खालचा कोपरा वीतभर कापला. मांजर आडवे गेले की काम होत नाही म्हणतात. मनी तर बाबांना रोज आडवी जाते, तरी बाबांची कामे होतातच.

यंदा शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मनी व्याली. तीन पिल्ले झाली. ती पण कुठे, तर बियाण्याच्या शेंगांच्या पोत्यावर! चौथ्या दिवशी पाऊस झाला. बाबा पोते घ्यायला गेले तर मनीने त्यांच्या हाताला रक्त काढले. बाबा लई चिडले. म्हणाले, "उद्या सगळी पोत्यात घालून वढ्याच्या पल्याड सोडतो." मी रात्री जेवले नाही.

सकाळी पाहतो तर पोते रिकामे! मनीने पिल्लांना मानेला धरून आजीच्या जुन्या ट्रंकेत नेले होते. बाबांनी पोते सोडले. मागच्या वर्षी उंदरांनी पोत्याला भोक पाडून शेंगा नेल्या होत्या. यंदा एकही शेंग कुरतडलेली नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. पेरायला गेले.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पिल्ले दोन महिने तरी आईजवळ पाहिजेत. आईचे बघूनच ती शिकार शिकतात. संध्याकाळी मी बाबांना कॅलेंडरवर खुणा करून दाखवल्या. बाबा म्हणाले, "बरं. दोन महिने. म्होरं एक दिवस न्हाई."

नवव्या दिवशी एका पिल्लाचे डोळे उघडले, दहाव्या दिवशी बाकीच्यांचे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आजी म्हणते. मी मोजले, मनीने चार जागा केल्या. चौथी जागा म्हणजे माझी गोधडी. मी आता आईजवळ झोपते.

आज ४१ दिवस झाले. एक पिल्लू आत्या नेणार आहे. दोन राहिली आहेत, एक काळे व एक मनीसारखे. पालकांपैकी ज्यांच्या घरी उंदीर असतील त्यांनी मला सांगावे. दोन महिने झाल्यावर न्यायला यावे. येताना पोते आणू नये, टोपली आणावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी